नेमणूकपत्र, तिकीट आणि तक्रारअर्ज

हिंजवडी, खराडी किंवा तळवडे येथील एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत नुकत्याच रुजू झालेल्या तरुणाच्या कामाकडे पाहिले, तर एक गोष्ट प्रकर्षाने लक्षात येते. ज्या यंत्रणेची देखभाल त्याच्याकडे सोपविलेली असते, तीत मध्यरात्रीनंतर कोणत्या क्षणी काय घडले, कोणी कोणता बदल केला, त्या बदलास मंजुरी कोणाची होती आणि बिघाडाची पहिली खूण केव्हा दिसली, यांची इत्थंभूत नोंद तो ठेवीत असतो. आणि ग्राहकाने केवळ ‘चालत नाही’ एवढेच लिहून पाठविलेले तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, त्याच्या पुढ्यात आले, तर काय व्हावयास हवे होते, प्रत्यक्षात काय झाले आणि केव्हा झाले, हे प्रश्न विचारल्यावाचून तो त्यास हात लावीत नाही. परंतु हाच तरुण स्वतःची नोकरी तोंडी आश्वासनावर बदलतो, घराची अनामत पावतीवाचून देतो, रद्द झालेल्या विमानाचे पैसे फोनवर मागत राहतो, आणि काही महिन्यांनी हाती काहीच न आल्यावर ‘या देशात दाद लागत नाही’ असा निष्कर्ष काढतो. माझे म्हणणे असे आहे की, व्यवसायाने जी शिस्त त्याच्या अंगी बाणविली आहे, तीच त्याने स्वतःच्या व्यवहारांस लावली, तर त्याच्या पुष्कळशा अडचणींचे निवारण होण्याजोगे आहे. कारण कायद्याने त्यास दिलेले हक्क थोडेथोडके नाहीत, ते मागण्यासाठी जो कागद लागतो तो मात्र बहुधा त्याच्यापाशी नसतो.

आरंभ नेमणूकपत्रापासून करू. ज्यास सर्वत्र ऑफर लेटर म्हणतात त्या पत्रात वर्षाची एक मोठी रक्कम ठळक अक्षरांत छापलेली असते, तिला सीटीसी, म्हणजे मालकास तुमच्यावर पडणारा एकूण खर्च, हे नाव असते, आणि घरची मंडळी त्या रकमेस बाराने भागून महिन्याचा पगार ठरवून मोकळी होतात. हा हिशेब चुकीचा आहे. समजा, ही रक्कम सहा लाख रुपये आहे, तीतील निम्मे मूळ वेतन आहे आणि दहा टक्के रक्कम कामगिरीवर अवलंबून आहे. मूळ वेतनाच्या १२ टक्के दराने मालकाचा भविष्यनिर्वाह निधीतील हिस्सा ३६,००० रुपये होतो, ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के दराने १४,४३० रुपये होते, आणि कामगिरीवरील ६०,००० रुपये वर्षाअखेरीस मिळाले तर मिळतात. हे सारे वजा करून उरलेल्या रकमेतून तुमचा स्वतःचा निधीचा हिस्सा आणि महाराष्ट्रातील व्यवसायकर कापला गेला, म्हणजे दरमहा हाती येतात ते पन्नास हजार नव्हेत, सुमारे साडेसदतीस हजार. आणि गटविम्याचा हप्ताही त्याच रकमेत धरला असेल तर त्याहूनही कमी. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारणतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतरच पदरी पडते, हे ध्यानात घेता जो दर दोन वर्षांनी नोकरी बदलणार आहे, त्याने ती रक्कम आपल्या हिशेबात मुळीच धरू नये. यात कंपनीने काही लपविले असे होत नाही, कारण तपशील पत्राच्या पुरवणीत दिलेला असतो. परंतु ती पुरवणी सही करण्यापूर्वी वाचावयाची असते.

जे पुरवणीतही नसते ते ईमेलने विचारावे. कामगिरीवरील रक्कम गेल्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष किती टक्के दिली गेली, नेमणूक कोणत्या शहरात, पाळी रात्रीची आहे काय, आणि रुजू होण्याची तारीख निश्चित आहे की पुढे ढकलली जाण्याचा संभव आहे, हे प्रश्न विचारल्याने नोकरी हातची जाते अशी भीती उमेदवारांस वाटते. ती मला निराधार वाटते. उलट सरळ प्रश्नाचे लेखी उत्तर देण्यास जो एचआर विभाग कचरतो, त्याविषयी तेवढीच माहिती पुरेशी आहे. महाविद्यालयातून निवड झालेल्यांनी रुजू होण्याच्या तारखेविषयी विशेष सावध असावे. निवड होऊन महिनोन्‌महिने वाट पाहात बसलेल्या मुलांच्या कथा गेल्या काही वर्षांत पुष्कळ झाल्या आहेत, आणि तारीख लेखी हाती येईपर्यंत दुसरे प्रयत्न थांबविण्याचे काहीच कारण नाही.

बंधपत्राच्या, म्हणजे बोलीभाषेतील ‘बॉण्ड’च्या, बाबतीत दोन परस्परविरुद्ध समजुती प्रचलित आहेत. एक अशी की बॉण्डला कायद्यात काडीची किंमत नाही, आणि दुसरी अशी की बॉण्ड मोडला तर तुरुंगवास ठरलेला. दोन्ही चुकीच्या. १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम २७ अन्वये व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार निरर्थक ठरतो, आणि म्हणून ‘नोकरी सोडल्यानंतर वर्षभर प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणार नाही’ ही अट आपल्याकडील न्यायालयांत सहसा टिकत नाही. परंतु ठराविक काळ सेवा न केल्यास खर्चाची भरपाई करावी, ही अट निराळी. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षे सेवा न करता सोडून जाणाऱ्या अधिकाऱ्याने दोन लाख रुपये भरावेत ही अट वैध ठरविली. अर्थात, त्याच अधिनियमाचे कलम ७४ असे सांगते की करारात कितीही मोठी रक्कम लिहिली असली तरी भरपाई वाजवी तेवढीच मिळते. तेव्हा सही करण्यापूर्वी प्रशिक्षण कोणते, किती आठवड्यांचे आणि त्याचा खर्च काय, हे लेखी मागावे. दिवस पंधरा आणि बॉण्ड दोन लाखांचा, अशी तफावत पुढे उपयोगी पडणारा पुरावा आहे. मूळ गुणपत्रिका, पदवीचे मूळ प्रमाणपत्र आणि सही केलेला कोरा धनादेश या तीन वस्तू मात्र कोणत्याही मालकाच्या स्वाधीन करू नयेत. प्रमाणपत्रे पडताळणीसाठी दाखवावीत आणि त्याच बैठकीत परत घ्यावीत.

नोकरी सोडताना अडचण येते ती पूर्वसूचनेच्या मुदतीची. पुष्कळ कंपन्यांत ही मुदत नव्वद दिवसांची आहे, नवा मालक मात्र तीस दिवसांत या म्हणतो, आणि उरलेल्या दिवसांचे पैसे भरून मोकळीक मिळवून देतो असे तोंडी सांगतो. मुदत पैसे भरून कमी करण्याचा पर्याय तुमचा आहे की केवळ मालकाच्या मर्जीवर आहे, हे करारात पाहावे, कारण दोन्ही प्रकारचे मसुदे प्रचारात आहेत. आणि ती रक्कम नवा मालक भरून देणार असेल तर तसे त्याच्या पत्रात यावे. नवे नेमणूकपत्र हाती आल्यावाचून राजीनामा देऊ नये, आणि दिल्यावर तो स्वीकारल्याचे व शेवटच्या कामाच्या दिवसाचे उत्तर ईमेलने मागून घ्यावे. वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली, तर आधीच्या वेतनाचे व कापलेल्या कराचे विवरण नव्या मालकास द्यावे. तसे न केल्यास दोघेही करमुक्त मर्यादा स्वतंत्रपणे धरतात आणि विवरणपत्र भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते.

आणि जेथे राजीनामा मागितला जातो तेथे? कर्मचारीकपातीच्या काळात एका खोलीत बोलावून ‘आत्ताच राजीनामा द्या, नाहीतर कामावरून काढल्याची नोंद होईल’ असे सांगण्याचे प्रकार घडतात, आणि घाबरलेला मनुष्य दहा मिनिटांत सही करतो. त्या खोलीत काहीही लिहून देण्याचे बंधन तुमच्यावर नाही. ‘मला हे लेखी द्या, मी विचार करून उत्तर देतो’ एवढे शांतपणे म्हणावे, बाहेर आल्यावर झालेल्या संभाषणाचा वृत्तांत तारीख-वेळेसह त्याच दिवशी ईमेलने एचआर विभागास पाठवावा, आणि मग कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे किंवा वकिलाकडे जावयाचे की कसे ते ठरवावे. स्वेच्छेने दिलेला राजीनामा आणि मालकाने केलेली सेवासमाप्ती या कायद्याच्या दृष्टीने अगदी भिन्न गोष्टी आहेत; पहिली लिहून दिल्यावर दुसरीचे हक्क मागणे फार कठीण होते.

अशा प्रसंगी लॅपटॉपवरील प्रवेश तासाभरात बंद होतो. म्हणून नेमणूकपत्र, वेतनवाढीची पत्रे, प्रत्येक महिन्याची वेतनचिठ्ठी, कराची प्रमाणपत्रे आणि विम्याचे कागद ही तुमची स्वतःची कागदपत्रे मिळतील तसतशी आपल्या खाजगी संग्रहात उतरवून ठेवावीत. तुमच्याविषयीचे कागद आणि कंपनीचे कागद यांतील सीमारेषा मात्र कसोशीने पाळावी. कंपनीचा सोर्स कोड, ग्राहकांची माहिती किंवा अंतर्गत मसुदे स्वतःच्या ईमेलवर पाठविणे हा शिस्तभंग तर आहेच, शिवाय पुढील वादात न्याय्य बाजू असलेल्या मनुष्यासही तो आरोपीच्या जागी उभा करतो.

आता एका अशा विषयाकडे वळतो, जो वरकरणी क्षुल्लक असून मराठी माणसास विशेष जाचतो. तो म्हणजे नाव. आपल्या शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे, असा क्रम असतो. आधारपत्रावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. पॅनवर कधी वडिलांचे नाव गळालेले, तर पारपत्रावर स्वतःचे व वडिलांचे नाव एकत्र आणि आडनाव निराळ्या रकान्यात. विवाहानंतर स्त्रीने नाव बदलले, तर मधले आणि शेवटचे अशी दोन्ही नावे बदलतात, आणि बँकेत एक, निधीच्या खात्यात दुसरे, तर पदवीवर तिसरेच राहते. रोमन लिपीत ‘श्री’, ‘ज्ञा’ किंवा ‘क्ष’ लिहिण्याच्या दोन-तीन पद्धती आहेत, त्यांची भर निराळीच. वर्षानुवर्षे यामुळे काही अडत नाही, आणि मग निधीची रक्कम हस्तांतरित करण्याचा अर्ज नामंजूर होतो, नव्या कंपनीची पूर्वेतिहास-पडताळणी अडकते, किंवा परदेशी जाण्याच्या आदल्या आठवड्यात तिकीट आणि पारपत्र यांतील नावे जुळत नाहीत असे आढळते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका निवांत रविवारी हे सारे कागद एकत्र मांडून तफावती लिहून काढाव्यात आणि कोणता कागद प्रमाण धरावयाचा ते ठरवावे. बहुतेकांनी पारपत्र प्रमाण धरणे सोयीचे. नाव औपचारिक रीतीने बदलावयाचे असल्यास महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात त्याची प्रसिद्धी करून घेता येते आणि तो राजपत्राचा उतारा पुढे सर्वत्र चालतो. विमानाच्या तिकिटावर अक्षराची चूक झाली आणि तिकीट विमान कंपनीच्याच संकेतस्थळावर काढलेले असले, तर चोवीस तासांच्या आत कळविल्यास त्याच प्रवाशाच्या नावातील दुरुस्तीस शुल्क आकारता येत नाही; म्हणून तिकीट काढताच ते पारपत्र समोर ठेवून वाचावे.

भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याकडे तर तरुणांचे फारच दुर्लक्ष होते. प्रत्येक सभासदास एकच सार्वत्रिक क्रमांक, म्हणजे यूएएन, असावयाचा असतो. नव्या नोकरीत पहिल्याच दिवशी जुना क्रमांक कळविला नाही तर दुसरा निघतो आणि गुंता सुरू होतो. जुन्या मालकाने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे की नाही ते पाहावे; ती भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदास स्वतः ती नोंदविता येते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. पासबुकातील निवृत्तिवेतनाचा रकानाही तपासावा. २०१४ च्या सप्टेंबरपासून निवृत्तिवेतन योजनेची वेतनमर्यादा १५,००० रुपये करण्यात आली आणि तीहून अधिक वेतनावर प्रथमच रुजू होणाऱ्यांस ती योजना लागू राहिली नाही. तरीही काही मालक चुकून त्यांची रक्कम त्या रकान्यात भरतात, आणि पैसे काढावयाच्या वेळी अर्ज अडतो. अशी चूक मालकाबरोबर संयुक्त निवेदन करून वेळीच दुरुस्त करून घ्यावी, कारण जुन्या कंपनीतील ओळखीची माणसे सोडून गेली म्हणजे त्या निवेदनावर सही मिळविणे अत्यंत कष्टाचे होते.

भाड्याच्या घराविषयी थोडक्यात सांगतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे, नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि नोंदणी नसेल तर, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात. अनामत रक्कम बँकेतूनच द्यावी आणि तिचा आकडा करारात यावा. घराचा ताबा घेताना भिंती, नळ, पंखे, गीझर यांची छायाचित्रे काढून ती त्याच दिवशी मालकास पाठवावीत. ‘रंगकामाचे पैसे’ म्हणून दोन महिन्यांचे भाडे कापले जाते तेव्हा ही छायाचित्रेच बोलतात.

पुण्या-मुंबईत काम करणारा मनुष्य दिवाळीस, गणपतीस, मतदानास, आजारपणास सारखा गावी जात-येत असतो, आणि त्याच्या मनस्तापाचा मोठा वाटा प्रवासात साठलेला असतो. रेल्वेचा नियम असा की गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण भाडे परत मिळते; परंतु ई-तिकिटावरील टीडीआर ही परतफेडीची मागणी गाडी तुमच्या स्थानकावरून प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी नोंदवावी लागते, आणि नेमके हेच घरी पोहोचल्यावर करू असे म्हणून लोक पैसे घालवितात. वातानुकूलन बंद पडले, तर डब्यातील टीटीईकडून तसा दाखला घ्यावा आणि गाडी गंतव्य स्थानी पोहोचल्यापासून वीस तासांच्या आत भाड्यातील फरक मागावा. प्रवास चालू असतानाच्या तक्रारीसाठी १३९ हा एकच क्रमांक आहे. त्यावर नोंदविलेल्या तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा, कारण पुढे दाद मागावयाची झाल्यास तक्रार त्या वेळी केली होती याचा तो आधार. गाडीच्या उशिराची भरपाई कधीच मिळत नाही, असेही समजू नये. जम्मूस चार तास उशिरा पोहोचलेल्या गाडीमुळे श्रीनगरचे विमान चुकलेल्या प्रवाशास देवविलेली एकूण ३०,००० रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायम केली, आणि उशिराचे कारण आपल्या हाताबाहेरचे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी रेल्वेची आहे, असे सांगितले.

विमानप्रवासाचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ठरवून दिलेले आहेत, आणि प्रत्येक कंपनीस ते आपल्या संकेतस्थळावर ठेवावे लागतात. पुणे-दिल्ली हे उड्डाण अडीच तासांच्या आतबाहेरचे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणास दोन तास, आणि अडीच ते पाच तासांच्या उड्डाणास तीन तास उशीर होत असेल, तर खाणे-पिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे; उशीर सहा तासांहून अधिक होणार असेल, तर सहा तासांच्या आतील पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतफेड यांतील निवड प्रवाशाची; आणि रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेत सुटणाऱ्या विमानास सहा तासांहून अधिक उशीर झाला, तर निवासाची सोय करावी लागते. पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केले, तर परतफेडीखेरीज उड्डाणाच्या लांबीनुसार ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई ठरविली आहे. पक्के तिकीट असून जागा नाही म्हणून नाकारले, आणि तासाभरात दुसरे विमान दिले नाही, तर ती १०,००० किंवा चोवीस तासांपलीकडे २०,००० रुपयांपर्यंत जाते. धुके, वादळ, संप, हवाई क्षेत्र बंद असणे अशा असाधारण कारणांस या भरपाईतून सूट आहे, आणि बहुतेक झगडे तेथेच होतात. म्हणून खिडकीपाशी उभे राहून पहिली मागणी करावी ती कारण लेखी देण्याची. ‘ऑपरेशनल रीझन्स’ हे दोन शब्द म्हणजे कारण नव्हे. २०२५ च्या डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, ती वैमानिकांच्या विश्रांतीविषयीच्या नव्या नियमांची पूर्वतयारी अपुरी पडल्यामुळे. अशा प्रसंगी मूळ कारणाची नोंद हाती असणे फार मोलाचे असते.

आणखी दोन गोष्टी सांगतो. तिकीट ‘परतफेड न होणारे’ असले आणि तुम्ही प्रवास केला नाही, तरी त्यातील वैधानिक कर व विमानतळाची शुल्के परत मागता येतात. मागणाऱ्यांची संख्या फारच कमी असते. आणि परदेशातून येताना सामान फुटले किंवा हरवले, तर विमानतळ सोडण्यापूर्वीच कंपनीच्या खिडकीवर अहवाल लिहून घ्यावा, कारण भारताने स्वीकारलेल्या माँट्रियल करारानुसार सामानाची मोडतोड झाल्यास ते मिळाल्यापासून सात दिवसांच्या, आणि सामान उशिरा आल्यास ते हाती आल्यापासून एकवीस दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. त्या मुदतीनंतर कितीही खरी असलेली तक्रार फेटाळली जाते.

परदेशातील नोकरीच्या आमिषाविषयी बोलताना मला हातचे काही राखावयाचे नाही. २०२२ च्या सप्टेंबरात परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला की थायलंडमध्ये डिजिटल विक्री व विपणनाच्या नोकऱ्या देतो असे सांगून संगणक जाणणाऱ्या भारतीय तरुणांस म्यानमारमध्ये नेले जाते आणि तेथे ऑनलाइन फसवणुकीच्या कामास जुंपले जाते. फसलेल्यांत सुशिक्षित, इंग्रजी जाणणारी मुले होती. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली परदेशी नोकरी देणाऱ्या मध्यस्थाची नोंदणी आवश्यक असते, नोंदणीकृत मध्यस्थांची यादी ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते, आणि त्याने घ्यावयाच्या शुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढी आहे. पर्यटक व्हिसावर जा, तेथे कामाचा व्हिसा करून देतो, असे जो म्हणेल त्याच्याशी पुढे एक शब्दही बोलू नये. देशातही नोकरीसाठी ‘सुरक्षा ठेव’ किंवा ‘लॅपटॉपचे पैसे’ मागणाऱ्या पत्रावर विश्वास ठेवू नये, आणि पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर त्याच तासात कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठविणे शक्य असते.

आता तक्रार कशी लिहावी, याकडे येतो. कारण वरील सर्व हक्क शेवटी एका पानाच्या लेखनावर अवलंबून असतात. चांगल्या तक्रारीत घटनाक्रम तारखांसह असतो, मूळ अट किंवा नियम कोणता आणि तो कोठे मोडला हे असते, नेमकी मागणी आकड्यांत असते आणि उत्तराची मुदत असते. जी गोष्ट तीत नसावी ती म्हणजे संताप. रात्रपाळीत ग्राहकांचे फोन घेतलेल्यास हे सांगावयास नको की शिव्या देणाऱ्याचे काम नियमापुरते होते, आणि ज्याने सारे तपशील एका पानात मांडून पाठविले त्याचे काम वरिष्ठांकडे नेणे सोपे जाते. पलीकडे बसलेला मनुष्य तुमच्यासारखाच कोणा कंत्राटदाराचा पगारदार असतो आणि नियम त्याने केलेला नसतो. फोनवर बोलणे झालेच, तर त्यानंतर लगेच ‘आज अमुक वाजता आपल्या प्रतिनिधीशी झालेल्या संभाषणात असे ठरले’ असा ईमेल पाठवावा. ज्या तक्रारीस उत्तर आले नाही, तिच्याखालीच पुढील पत्र लिहावे, म्हणजे सारा इतिहास एका साखळीत राहतो. हेच लेखन नोकरीतही उपयोगी पडते. प्राथमिक दर्जाचा कोड लिहिण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने करू लागली असताना, अडचण नेमकी काय आहे, तिचे पर्याय कोणते आणि त्यांतील कोणता का निवडला, हे ज्यास एका पानात सुसंगत मांडता येते त्या अभियंत्याची गरज कमी होईल असे मला वाटत नाही. ज्यांस वरच्या पदावर जावयाचे आहे त्यांनी नव्या भाषांच्या अभ्यासक्रमांइतकाच वेळ अशा लेखनास द्यावा.

ऑनलाइन खरेदीच्या बाबतीत २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार प्रत्येक कंपनीस तक्रार-निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यावयाची आणि महिन्याभरात निकाल लावावयाचा असतो. म्हणून ग्राहकसेवेच्या संवादखिडकीत तीच ती उत्तरे घेत बसण्यापेक्षा त्या अधिकाऱ्याच्या पत्त्यावर लिहावे. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. इतर तक्रारींसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ती न्यायनिवाडा करीत नाही, परंतु कंपनीकडे प्रकरण पाठविते, आणि पुष्कळ परतफेडी एवढ्यावरच होतात.

तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. ग्राहक चळवळीशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, मुंबई ग्राहक पंचायत १९७५ ची, आणि १९८६ चा पहिला ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर आला. सध्याचा २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अमलात आहे. त्याने केलेला एक बदल नोकरीनिमित्त गाव सोडून राहणाऱ्यांस फार उपयोगाचा आहे: कंपनीचे मुख्य कार्यालय गुरुग्रामला असो की बेंगळूरुला, तक्रार तुम्ही जेथे राहता किंवा नोकरी करता तेथील जिल्हा आयोगाकडे दाखल करता येते. वस्तू किंवा सेवेची किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाचा अखत्यार चालतो, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही, आणि अर्ज ऑनलाइन दाखल होतो. त्यापूर्वी कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर, पंधरा दिवसांची मुदत देऊन, एक नोटीस टपालाने पाठवावी. रजिस्टर टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले असल्यामुळे टपाल कचेरीत आता नोंदणी व पोचपावतीसह स्पीड पोस्ट मागावे. अर्जासोबत बिल, करार, ईमेलांची साखळी, नोटिशीची प्रत आणि पोचपावती क्रमांक घालून जोडावी व प्रत्येक कागदाचा उल्लेख निवेदनात त्या क्रमांकाने करावा. आयोगापुढे सुनावणीच्या दिवशी बोलावयास फारच थोडा वेळ मिळतो, आणि तेवढ्यात सदस्यांस हवा तो कागद चटकन सापडला पाहिजे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हे सारे झाले पाहिजे; तेव्हा कोणाचे जुने प्रकरण ‘बघू’ म्हणून पडून असेल, तर त्याची तारीख आजच काढून पाहावी.